तो तुला टाळत नाहीये गं!

छोटे, "ताई, मी हसून बघितलं तरी तो विचारतो, रागावलीस का?" असं तू फोनवर म्हणालीस ना, त्यावरच बोलायचंय.

त्याच्या आजाराचं, स्किझोफ्रेनियाचं, नाव काढलं की आपल्याला कानात येणारे आवाज आणि संशय एवढंच आठवतं. पण या आजारात बघण्यातही फरक पडू शकतो. डोळे ठणठणीत असले तरी त्यांनी टिपलेलं सगळं जुळवून अर्थ लावणं मेंदूला जड जातं. फिकट छटा, हलत्या वस्तू, पसाऱ्यातली एखादी वस्तू चटकन कळत नाही. सरकत्या वस्तूमागे नजर अडखळत जाते, हे डायफेनडॉर्फ आणि डॉज यांनी 1908 सालीच नोंदवलं होतं. चेहऱ्यावरचे भावही नीट वाचता येत नाहीत. तुझ्या हसण्याचा राग होतो तो तिथे!

पण त्याला काहीच कळत नाही, असं समजू नकोस हं. मुखवट्याची आतली, पोकळ बाजू दाखवली तर तुला-मला तो बाहेर आलेला चेहराच वाटतो. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या रुग्णांना मात्र ती बाजू पोकळच दिसली. म्हणजे फसलो ते आपण!

म्हणून चेहऱ्यावर विसंबू नकोस, तोंडाने सांग: "मी खूश आहे रे." चांगल्या उजेडात, समोर बसून बोल. त्याच्या टेबलावर पसारा नको. त्याला काही भलतंच दिसलं तर वाद घालू नकोस, "भीती वाटतेय ना? मी आहे इथे," एवढंच म्हण.

आणि हो, आजाराच्या औषधांनी होणारी हाताची थरथर कमी करायला ज्या गोळ्या देतात, त्यातल्या काहींनी जवळचं अंधुक दिसतं. तसं झालं तर डॉक्टरांना सांग, गोळी परस्पर बंद करू नकोस. डोळे एकाएकी वर खिळले, तर मात्र लगेच दवाखाना गाठ.

तुझंही मन मोकळं व्हायला हवं. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, तिथे तुझ्यासारखीच घरची माणसं भेटतात. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, अपरात्रीही लागतो. आणि जाऊबाई पुन्हा "लाडावून ठेवलाय" म्हणाल्या, तर फोन माझ्याकडे दे. बघते मी!