स्टिकरच्या वर एक डॉलरही नाही

प्लग-इन हायब्रिड एसयूव्हीसाठी छापील किमतीच्या वर पैसे मोजायला मी नकार दिला, याचं आमच्या ओळखीतल्या काहींना अजूनही नवल वाटतं. "मिळतेय ना गाडी, मग घेऊन टाकायची," असं न्यू जर्सीतल्या कितीतरी मराठी मंडळींनी मला ऐकवलं. भाऊजींनी तर पुण्याहून फोन करून सांगितलं, "वहिनी, एवढ्याशासाठी कशाला ताणताय?" ताणलं, कारण पैसे कष्टाचे होते आणि शब्द समोरच्याने फिरवला होता. आता ओळखीतलं कुणी अशी गाडी घ्यायला निघालं की फोन मलाच येतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

मला टोयोटाची रॅव्ह-फोर प्राइम हवी होती. ३०२ हॉर्सपॉवर, चारही चाकांना ताकद आणि भरलेल्या बॅटरीवर ४२ मैल. माझं ऑफिसला जाणं-येणं पेट्रोलचा थेंबही न जाळता व्हायचं, आणि लांबच्या प्रवासाला इंजिन होतंच. पण गाडी जपानमध्ये बनायची, अमेरिकेत मोजक्या यायच्या, आणि त्यातल्या बहुतेक सुरुवातीला कॅलिफोर्नियाचे उत्सर्जन नियम स्वीकारलेल्या राज्यांकडे जायच्या. २०२१ च्या साध्या मॉडेलची छापील किंमत ३८,१०० डॉलर होती आणि त्यावर ७,५०० डॉलरची केंद्राची करसवलत. गिऱ्हाइकांची रांग लागली यात नवल नाही.

२०२२ च्या सुरुवातीला मी घराजवळच्या डीलरकडे परत मिळणारं डिपॉझिट भरलं. गाडी छापील किमतीला मिळेल, वर काही लागणार नाही, असा सेल्समनचा ईमेल माझ्याकडे होता. त्याच उन्हाळ्यात करसवलतीचे नियम बदलणार असं दिसू लागलं. गाडी उत्तर अमेरिकेत जुळवलेली असली तरच सवलत, अशी अट येत होती. कायद्यावर सही होण्याआधी बंधनकारक लेखी करार झालेला असेल, तर जुनी सवलत मिळणार होती. मी डीलरकडे तो करार मागितला. लेखी मागितला आणि पुन्हा पुन्हा मागितला. उत्तर एकच: "काळजी करू नका, यादीत तुमचं नाव वर आहे." १६ ऑगस्ट २०२२ ला सही झाली आणि जपानी बनावटीच्या या गाडीची सवलत त्या दिवसापासून गेली. माझी डिपॉझिटची पावती करार म्हणून चालणार नव्हती, कारण पैसे पूर्ण परत मिळणारं डिपॉझिट कुणालाच बांधून ठेवत नाही. डीलरला हे पक्कं माहीत होतं. माहीत असल्याशिवाय कुणी इतक्या शिताफीने सही टाळत नाही.

तरीही गाडी आल्याचा फोन आला तेव्हा आम्ही गेलो. सीटवर प्लॅस्टिक, बॉनेटवर पांढरी फिल्म, सगळं कोरं. खिडकीवर कारखान्याचा किमतीचा स्टिकर होता. १९५८ च्या कायद्याने तो लावणं बंधनकारक आहे. त्याच्या शेजारी, तसाच छापलेला, तसल्याच अक्षरातला दुसरा स्टिकर होता. तो डीलरचा. त्यावर ओळीने टायरमध्ये नायट्रोजन, पेंट प्रोटेक्शन, काचेवर नंबर कोरणं, दाराच्या कडांना पट्ट्या. आणि सर्वांत खाली 'मार्केट अ‍ॅडजस्टमेंट', ८,००० डॉलर. मी वाकून टायर बघितले. व्हॉल्व्हवर हिरव्या टोप्या बसवलेल्या. आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. उरलेल्याचे आणि त्या टोप्यांचे मिळून काही शे डॉलर लावले होते.

खरं दुखलं ते यानंतर. डिपॉझिट माझ्या कार्डावरून गेलेलं, ईमेल माझे, गाडी मी चालवणार; आणि मॅनेजर बोलत होता माझ्या नवऱ्याशी. महिना किती हप्ता परवडेल, हे त्याला विचारत होता. मी ईमेल उघडून फोन समोर धरला. त्याने नीट वाचलाही नाही. "तो माणूस आता आमच्याकडे नाही," म्हणाला. त्याच्या शब्दाशी आमचा काय संबंध, असा सूर. मग म्हणाला, "तुमच्या मागे तिघं थांबलेत, तुम्ही नाही म्हणालात तर संध्याकाळपर्यंत गाडी जाईल." त्या क्षणी मला लख्ख कळलं की इतके महिने आपण रांगेत उभे नव्हतोच. आपलं नाव त्यांच्याकडे होतं ते एवढ्याचसाठी, की गाडी येईपर्यंत आपण दुसरीकडे जाऊ नये आणि थकल्यावर वरचे पैसे निमूट द्यावेत. आमच्या वडिलांच्या पिढीने चेतक स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावले आणि घाई असलेल्यांनी दुसऱ्याच्या नंबरावर वर पैसे मोजले, तोच हा प्रकार. फरक इतकाच की इथे वरचे पैसे स्टिकरवर उजळ माथ्याने छापलेले असतात.

मी डिपॉझिट परत मागितलं आणि बाहेर पडले. पुढे गाडी मिळाली ती न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या एका लहान गावातल्या डीलरकडे, छापील किमतीला. हिरव्या टोप्या नव्हत्या. करसवलत मात्र गेली ती गेलीच, आणि त्याचा राग मला आजही आहे.

आता तुमच्यासाठी.

पहिली गोष्ट, भारतातली एमआरपीची सवय इथे विसरा. छापील किंमत ही इथे कंपनीची शिफारस असते, कमाल मर्यादा नव्हे. कंपनी डीलरला वरचे पैसे घेऊ नका असं सांगू शकते, भाग पाडू शकत नाही. फसवे जास्तीचे आकार रोखण्यासाठी केंद्रीय व्यापार आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये नियम जाहीर केला होता. जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने तो रद्द केला. त्यामुळे आपली राखण आपणच करायची.

'छापील किमतीला देता का?' असा नुसता प्रश्न विचारू नका. सगळेच 'हो' म्हणतात आणि मग ॲक्सेसरीज लावतात. सर्व आकारांसकट 'आउट-द-डोअर' किंमत ओळीओळीने ईमेलवर मागा: गाडी, कारखान्यातून आलेले पर्याय, वाहतूक, डॉक्युमेंट फी, कर, नोंदणी. तो ईमेल मॅनेजरकडून हवा, सेल्समनकडून नव्हे. सेल्समन बदलतात, आणि बदलले की त्यांचा शब्दही जातो. डॉक्युमेंट फीवर लक्ष ठेवा. मी गाडी घेतली तेव्हा न्यूयॉर्कमध्ये तिला १७५ डॉलरची आणि कॅलिफोर्नियात ८५ डॉलरची मर्यादा होती. न्यू जर्सीत मर्यादाच नव्हती.

गाडी तुमच्या नावावर ठरली असेल तर तिचा व्हिन नंबर द्यायला सांगा. गाडी कारखान्यातून निघालेली असूनही नंबर मिळत नसेल, तर तुमच्या नावावर गाडी नाही, असं समजा. डिपॉझिट नेहमी क्रेडिट कार्डाने, आणि 'पूर्ण परत मिळेल' हे पावतीवर लिहून घेऊन. मला परतावा देताना टाळाटाळ झाली. कार्ड कंपनीकडे तक्रार करते म्हटल्यावर पैसे आले. मात्र कायद्याची एखादी तारीख जवळ आलेली असेल, तर परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर विसंबू नका. किंमत लिहिलेल्या पक्क्या करारावर दोन्हीकडच्या सह्या हव्यात. डीलर सही करत नसेल, तर त्याच दिवशी दुसरा शोधा.

लांबच्या डीलरना फोन करा. मोठ्या शहरांच्या आसपास, जिथे पगार चांगले आणि आपल्यासारखी घाईतली माणसं पुष्कळ, तिथे वरचे पैसे जास्त लावतात. लहान गावातल्या डीलरला गिऱ्हाईक टिकवायचं असतं. दुसऱ्या राज्यातून गाडी आणली तरी कर साधारणपणे आपल्या राज्याच्या दरानेच लागतो. न्यू जर्सीत ६.६२५ टक्के. नोंदणीची कागदपत्रं तो डीलर करून देणार का, हे आधी विचारून घ्या.

मासिक हप्त्यावर बोलणी करू नका. एकूण किमतीवर करा. कर्जाची मंजुरी क्रेडिट युनियनमधून आधीच घेऊन जा. शेवटी फायनान्सच्या खोलीत एक्स्टेंडेड वॉरंटी पुढे सरकवतील आणि आज नाही घेतली तर मिळणार नाही, म्हणतील. कंपनीची वॉरंटी नंतर दुसऱ्या डीलरकडूनही घेता येते, बऱ्याचदा स्वस्तात. आणि सही केल्यावर तीन दिवसांत गाडी परत करता येते, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. डीलरच्या दुकानातून घेतलेल्या गाडीला तसला केंद्रीय नियम लागू नाही. सही करण्याआधी प्रत्येक कागद वाचा, आणि समोरचा कितीही घड्याळ बघत असला तरी वाचा.

करसवलतीचं गणित आता कुणी मांडू नका. २०२३ पासून लीजवर घेतलेल्या गाडीला वेगळ्या कलमाखाली सवलत मिळण्याची वाट होती. ३० सप्टेंबर २०२५ नंतर खरेदीची आणि लीजची दोन्ही बंद झाली. त्यामुळे वर मोजलेला प्रत्येक डॉलर आता थेट खिशातून जातो. पेट्रोलमध्ये वाचणारे पैसे आधी मांडा; आठ हजार डॉलर भरून निघायला कितीतरी वर्षं लागतात. साधी हायब्रिड चालत असेल, तर तीही बघा.

घरातल्या बाईच्या नावावर गाडी असेल, तर बोलणी तिनेच करावी. मॅनेजर नवऱ्याकडे वळला, तर नवऱ्याने उठून बाहेर जाऊन बसावं. माझ्या नवऱ्याने दुसऱ्या डीलरकडे हेच केलं आणि अर्ध्या तासात काम झालं.

जवळच्या त्या डीलरचे सर्व्हिसच्या ऑफरचे मेसेज मला अजून येतात. वॉरंटीचं काम कंपनीचा कुठलाही अधिकृत डीलर करतो, त्यामुळे जवळचा सोडून मी दुसऱ्या गावी जाते. गाडी विकून मिळालेला नफा एकदाच मिळतो, सर्व्हिसचे पैसे वर्षानुवर्षं येत राहतात. ज्याने शब्द पाळला नाही, त्याला ते देऊ नका. बाकी काही नाही, पण एवढं गिऱ्हाइकाच्या हातात नक्की आहे.