दानाचा ताळेबंद : केनियातील बुसियाचा धडा

दान ही मनाची श्रीमंती मानली जाते; परंतु दानाची रक्कम ही अखेर एक रक्कमच असते. ती कोठे खर्च झाली, तिने काय साधले आणि तीच रक्कम अन्य कामी लावली असती तर अधिक काही साधले असते काय, हे प्रश्न कर्ज मंजूर करताना जितके आवश्यक तितकेच देणगी देतानाही आवश्यक ठरतात. केनियाच्या पश्चिम भागातील बुसिया परिसरात या प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा एक चिकाटीचा प्रयत्न झाला. त्यातून मिळालेला धडा सर्वच दात्यांना उपयोगी पडावा असा आहे.

बुसिया हा युगांडाच्या सीमेला लागून असलेला, लहान शेतकऱ्यांचा प्रदेश. येथील शाळांसाठी नेदरलँड्समधील एक सेवाभावी संस्था काम करीत होती. अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर यांनी तरुणपणी केनियात वर्षभर अध्यापन केले होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या संस्थेच्या कामाला मोजमापाची जोड दिली. त्यांची पद्धत सोपी होती. निधी मर्यादित असल्याने सर्व शाळांना एकाच वर्षी मदत देणे शक्य नसतेच. तेव्हा कोणाच्याही पसंतीला वाव न ठेवता शाळांचा क्रम ठरवायचा आणि आधी मदत मिळालेल्या शाळांची तुलना प्रतीक्षेत असलेल्या शाळांशी करायची.

पुस्तके आणि गोळी

१९९६ साली २५ शाळांना पाठ्यपुस्तके पुरवण्यात आली. वर्गात अनेक मुलांमागे एखादेच पुस्तक असताना यापेक्षा उचित दान कोणते, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात सरासरी गुणांमध्ये वाढ दिसली नाही. जी मुले आधीच अभ्यासात पुढे होती, तीच अधिक पुढे गेली. याचे कारण पुस्तकांच्या भाषेत दडलेले होते. पुस्तके इंग्रजीत होती आणि घरची बोली व स्वाहिली यांच्यानंतर इंग्रजी ही त्या मुलांची तिसरी भाषा होती. पुस्तक हाती आले. पण बहुसंख्य मुलांना ते वाचता येत नव्हते.

१९९८ पासून ७५ शाळांमध्ये टप्प्याटप्प्याने जंतनाशक गोळ्या देण्यात आल्या. या शाळांतील मुलांची संख्या ३० हजारांहून अधिक होती. गोळीचा खर्च अत्यल्प. परंतु मुलांची गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली. परीक्षेतील गुण मात्र वाढले नाहीत, हेही अभ्यासकांनी प्रामाणिकपणे नोंदवले. २०१५ साली अन्य संशोधकांनी या आकडेमोडीची फेरतपासणी केली, तेव्हा तीत काही चुका आढळल्या आणि निष्कर्षांच्या व्याप्तीविषयी मोठा वाद झाला. हिशेब दुसऱ्याने तपासावा यासाठी खुला ठेवणे, हाही या कामाचाच एक भाग होता.

झऱ्यावरचे पाणी, घरातले पाणी

बुसियातील असंख्य कुटुंबे नैसर्गिक झऱ्यांचे पाणी पितात. उघड्या झऱ्यात भांडी बुडवली जातात आणि पावसात आजूबाजूची घाण त्यात वाहून येते. यावर उपाय म्हणून सुमारे २०० झऱ्यांच्या पाहणीत टप्प्याटप्प्याने झऱ्यांचे तोंड काँक्रीटने बंदिस्त करून नळीवाटे पाणी काढण्याची सोय करण्यात आली. त्यामुळे झऱ्यावरील पाण्याचे प्रदूषण सुमारे दोन तृतीयांशाने घटले. घरातील पाण्याचे प्रदूषण मात्र जेमतेम एक चतुर्थांशाने कमी झाले, कारण वाटेत व साठवणीच्या भांड्यात पाणी पुन्हा दूषित होत होते. तरीही लहान मुलांमधील अतिसार सुमारे एक चतुर्थांशाने घटला.

पुढचा प्रश्न क्लोरिनचा होता. दुकानात स्वस्तात मिळणारी क्लोरिनची बाटली फार थोडी कुटुंबे विकत घेत. मग झऱ्याजवळच क्लोरिनची टाकी बसवण्यात आली. तोटी फिरवताच ठरावीक मात्रा हंड्यात पडते, घरी पोहोचेपर्यंत पाणी निर्जंतुक होते आणि साठवणीतही काही काळ सुरक्षित राहते. टाकीची देखभाल व शेजाऱ्यांना आठवण देणे ही कामे गावातीलच एका व्यक्तीकडे सोपवली गेली. अशा ठिकाणी निम्म्याहून अधिक कुटुंबे क्लोरिन वापरू लागली. पदार्थ तोच होता. बदलली ती त्याची जागा, किंमत आणि सवय लावण्याची रीत. पुढे ही योजना युगांडा व मलावीतही नेण्यात आली.

मुंबईशी असलेले नाते

२०१९ साली क्रेमर यांना अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा. बॅनर्जी व डुफ्लो यांनी ‘प्रथम’ या संस्थेसोबत मुंबई व वडोदरा येथील शाळांमध्ये मागे पडलेल्या मुलांच्या शिकवणीचा अभ्यास केला होता. इयत्तेनुसार नव्हे, तर मुलाला आज जे येते तेथून शिकवण्यास आरंभ करावा, हे त्या कामाचे सूत्र होते. बुसियाच्या पुस्तकांना ज्या प्रश्नाने अडवले, त्याचेच हे उत्तर म्हणावे लागेल. ‘प्रथम’ची ही पद्धत पुढे झांबियातील शाळांनीही स्वीकारली.

दात्यासाठी बोध

देणगीची पावती पैसे दिल्याची साक्ष देते. पैशाने काय केले याची नव्हे. म्हणूनच धनादेशावर स्वाक्षरी करण्यापूर्वी संस्थेला काही प्रश्न विचारावेत. वस्तू पोहोचली, की तिचा उपयोगही झाला? पाण्याची तपासणी स्रोतावर होते, की घरातील हंड्यातही? दुरुस्तीची जबाबदारी व खर्च कोणाकडे आहे? जे काम फसले, त्याची नोंद संस्था ठेवते काय? असे प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. बुसियातील पुस्तकांचा प्रयोग अपेक्षेप्रमाणे फळला नाही, ही नोंद प्रामाणिकपणे ठेवली गेली. त्यामुळे पुढचा पैसा कोठे लावावा, हे ठरवणाऱ्यांना निश्चित आधार मिळाला.