ओरडली का नाही, असं विचारणाऱ्या वर्गाविषयी

उम्म सलाल मोहम्मद, कतार
शुक्रवार

चि. सोनूस,

परवा फोनवर तुझा आवाज भरून आला होता, म्हणून मी फार बोलले नाही. आज सुट्टी आहे, सविस्तर लिहिते. पुण्याच्या स्वारगेट आगारातल्या अत्याचाराच्या प्रकरणावरून तुझ्या अकरावीच्या वर्गात चर्चा निघाली. एक पोट्टा म्हणाला, "पहाटे एकटी कशाला गेली होती?" दुसरा म्हणाला, "मग ओरडली का नाही?" पहिल्या बाकावरच्या मुलीने त्यावर मान डोलावली, ते तुला सगळ्यात जास्त लागलं. वर स्टाफरूममध्ये एका ज्येष्ठ सरांनी सुनावलं, की असले विषय वर्गात काढायचेच कशाला.

विषय काढलास हे उत्तम केलंस. आता तो अर्ध्यावर सोडू नकोस. त्या दोन प्रश्नांना उत्तर न देता तास संपला, तर मुलं तेच प्रश्न बरोबर मानून घरी जातील.

तुझं कॉलेज वडशापासून अर्ध्या तासावर आहे. वर्गातली कितीतरी मुलं वैनगंगेचा पूल ओलांडून येत असतील. त्यांच्याच वडशाच्या, म्हणजे देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात घडलेल्या एका प्रकरणामुळे देशाचा बलात्काराचा कायदा बदलला, हे त्यांना कुणी सांगितलंय का? आम्ही तिथे वाढलो, पण शाळेत कुणी त्याचा उच्चारसुद्धा केला नाही. तेव्हा तू तिथूनच सुरुवात कर.

26 मार्च 1972ची रात्र. आईबाप नसलेली, मजुरी करणारी एक आदिवासी पोर. डॉक्टरांच्या अंदाजाने वय 14 ते 16. पुढे सारा देश तिला मथुरा म्हणून ओळखू लागला. जिच्याकडे ती कामाला जायची त्या बाईच्या भाच्याशी तिचं जमलं होतं. भावाला ते पटलं नाही, आणि बहिणीला पळवून नेल्याची तक्रार त्याने दिली. म्हणून सगळ्यांना ठाण्यात बोलावलं. जबाब झाले, मंडळी घरी निघाली, तेव्हा दोघा पोलिसांनी तिला एकटीला थांबवून घेतलं. तिची माणसं बाहेर उभी राहिली. आतले दिवे मालवलेले आणि दार आतून लावलेलं पाहून त्यांना संशय आला. बाहेर आल्यावर तिने बलात्कार झाल्याचं सांगितलं.

"ती तिथे का गेली होती?" हा प्रश्न फळ्यावर लिही, आणि वर्गालाच या प्रकरणापुरतं उत्तर द्यायला सांग. तिथे म्हणजे पोलीस ठाण्यात. का, तर कायद्याने बोलावलं म्हणून. सोबत कोण? सख्खा भाऊ. याहून सुरक्षित जागा आणि सोबत कोणती, ते त्या पोट्ट्याला सुचवू दे. तू घाई करू नकोस, त्याला विचार करायला वेळ दे. तो गप्प झाला तर टोमणा मारू नकोस. सोळा वर्षांच्या मुलाने हे वाक्य स्वतः शोधलेलं नसतं, घरी जेवताना ऐकलेलं असतं.

आणि ते फक्त घरीच ऐकू येतं असंही नाही. 1974मध्ये सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडलं, ते पोरगी खोटारडी आहे आणि तिला शरीरसंबंधांची सवयच होती असं म्हणत. 1976मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निकाल फिरवला. भीतीने निमूट राहणं म्हणजे होकार नव्हे, असं सांगून एकाला पाच वर्षांची आणि दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. 15 सप्टेंबर 1978 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष ठरवलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार झाला नाही. जे झालं ते शांतपणे झालं, असा त्या निकालाचा आशय होता. फेब्रुवारी 2025मध्ये स्वारगेट आगारात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये तरुणीवर अत्याचार झाल्याची तक्रार आली, तेव्हा गृहराज्यमंत्री योगेश कदम म्हणाले की झटापट झाली नाही, म्हणून आसपासच्या लोकांना कळलं नाही. आपण पोलिसांनी दिलेली माहिती सांगत होतो, असा खुलासा त्यांनी नंतर केला. पण ऐकणाऱ्या प्रत्येक मुलीच्या मनात काय उतरलं असेल? जानेवारी 2014मध्ये नागपुरात राज्य महिला आयोगाच्या तेव्हाच्या सदस्य आशा मिरगे यांनीच मुंबईतल्या शक्ती मिलच्या आणि दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणांत त्या मुली तिथे गेल्याच कशाला असं विचारलं होतं. त्यांनी पुढे माफी मागितली. तेव्हा पहिल्या बाकावरच्या त्या पोरीवर रागावू नकोस. तिचं काहीतरी चुकलं असणार, मी तसं वागणार नाही, म्हणजे माझ्यावर ही वेळ येणार नाही, एवढाच तिचा हिशोब आहे. तो हिशोब खोटा आहे. 2022मध्ये देशात बलात्काराचे 31,516 गुन्हे नोंदले गेले. दरवर्षीच्या नोंदी पाहिल्या तर दहांतल्या नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा निघतो. नातलग, शेजारी, लग्नाचं वचन दिलेला. अंधाऱ्या रस्त्याची भीती घालून आपण पोरींना ज्या घराकडे धाडतो, तिथलाच कुणीतरी.

त्या 1978च्या निकालाला उत्तर कुणी दिलं, हे स्टाफरूममधल्या त्या सरांना आवर्जून सांग. शिक्षकांनी! उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि आपल्या पुण्याच्या वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी 16 सप्टेंबर 1979 रोजी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. मुकाट्याने सोसणं आणि संमती देणं यांत फरक आहे, हे त्यांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला शिकवल्यासारखं समजावून सांगितलं. नागपुरात सीमाताई साखरे उभ्या राहिल्या, मुंबईत बलात्कारविरोधी मंच निघाला, 8 मार्च 1980ला शहराशहरांत बायका रस्त्यावर आल्या. 1983मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाले आणि बाईने माझी संमती नव्हती असं कोर्टात सांगितलं, तर कोर्टाने तेच धरून चालायचं. तिचं नाव छापणं गुन्हा ठरलं. ज्या कलमाच्या आधाराने वकील तिच्या चारित्र्यावर घसरत, ते 2003मध्ये रद्द झालं. आणि 2013पासून स्पष्ट लिहिलं गेलं, की केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं मानता येणार नाही. हे आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 63मध्ये आहे. "ओरडली का नाही" याचं उत्तर कायद्यानेच देऊन ठेवलंय. मुलांना ते कलम वहीत उतरवून घ्यायला लाव.

कुणीतरी उठून म्हणेलच, "मॅडम, अरबस्तानासारखी शिक्षा पाहिजे, म्हणजे सगळे सरळ होतील." हे तर मी इथेही ऐकते. उम्म सलालला शुक्रवारी कुणाच्या तरी व्हिलात आपली मराठी मंडळी जमतात. बाहेर बर्झानचे जुने बुरूज, आत वरणभात, आणि कुणीतरी अभिमानाने सांगतं, बघा इथे कायदा कसा कडक आहे. 2016मध्ये याच देशात, दोहात, एका डच तरुणीने पोलिसांत जाऊन बलात्काराची तक्रार केली. काही महिने ती कोठडीत राहिली. शेवटी लग्नाबाहेरच्या संबंधांबद्दल तिलाच एक वर्षाची स्थगित शिक्षा झाली आणि तिला मायदेशी पाठवलं. नुसत्या कडक कायद्याने काही होत नाही. तो पहिला प्रश्न कुणाला विचारतो, ते बघायचं. तुझ्या वर्गातल्या पोरांना शिवाजी महाराजांचा अभिमान आहे ना? मग बाईवर अत्याचार करणाऱ्या रांझ्याच्या पाटलाची गोष्ट त्यांच्याकडूनच वदवून घे. महाराजांनी हातपाय तोडले, हे सगळे सांगतील. त्या गोष्टीत बाई घराबाहेर का पडली, असं कुणी विचारतं का, हे त्यांना आठवून पाहू दे.

मी शिकवते त्या बारावीच्या वर्गात अशीच चर्चा झाली, तेव्हा दुसऱ्या दिवशी तपासायला आलेल्या एका वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं, "मिस, ओरडायचं असूनही आवाज फुटला नाही तर?" खाली खाडाखोड होती. मी वहीचं नाव न घेता सगळ्या वर्गाला सांगितलं, की भीतीने शरीर गोठतं, ते आपल्या हातात नसतं. स्टॉकहोमच्या रुग्णालयात अत्याचारानंतर आलेल्या 298 स्त्रियांचा अभ्यास 2017मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 70 टक्के स्त्रियांनी तेव्हा अंग लक्षणीय गोठल्याचं सांगितलं. ही माहिती तूही दे, आणि देताना कुठल्याही एका चेहऱ्याकडे पाहू नकोस. मग त्या मुलीशी मी स्वतंत्रपणे बोलले. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

म्हणूनच सांगते, उत्तर देताना तुझं लक्ष हात वर करणाऱ्या पोट्ट्याकडे कमी आणि गप्प बसलेल्यांकडे जास्त असू दे. वर्गातल्या साठजणांत जिच्यावर, किंवा ज्याच्यावर, हे गुदरलंय असं कुणीतरी असू शकतं, आणि बाईंना सांगावं की नाही हे ते तुझ्या उत्तरावरून ठरवणार. कुणालाही वर्गात स्वतःचा अनुभव सांगायला लावू नकोस. "मग काळजी घ्यायचीच नाही का?" असं कुणी विचारेल. जरूर घ्यायची, पोरांनी आणि पोरींनीही. पण ते आधी सांगायचं. घडून गेल्यावर तेच वाक्य आरोप होतं.

आणि कुणी सांगायला आलं, तर "मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नकोस. तुझी मुलं अठराच्या आतली आहेत. पोक्सो कायद्याच्या कलम 19प्रमाणे तुला पोलिसांना कळवावंच लागतं, न कळवणं हा गुन्हा आहे. तेव्हा आधीच खरं सांग, की मला हे पुढे न्यावं लागेल, पण मी तुझ्यासोबत येईन. "का गेलीस" विचारू नकोस. "बरं झालं सांगितलंस" एवढं म्हण. कुठलंही रुग्णालय, सरकारी असो की खासगी, मोफत उपचार नाकारू शकत नाही, हे लक्षात ठेव. मुलांच्या मदतीचा 1098 हा नंबर वर्गाच्या दारामागे लावून टाक.

ते सर पुन्हा बोलले, तर प्राचार्यांकडे तासाचं टाचण लेखी दे. त्यात निकालाची तारीख, कलमं आणि चार प्राध्यापकांची नावं घाल. नाही म्हणायचं असेल तर त्यांनीही लेखी म्हणावं. पण पुढच्या आठवड्यात तो तास पुन्हा घेच, आणि झाला की लगेच मला फोन कर.

तुझी,
मावशी