दूध उतू गेले, म्हणून माळ मोडत नाही

प्रश्न: संध्याकाळी रोझरीला बसले की हटकून दूध उतू जाते, नाहीतर नातू पाणी सांडतो. माळ पहिल्यापासून म्हणावी का? देव नाराज तर नसेल ना?
– एक वाचक, वसई

उत्तर: ताई, उतू गेलेल्या दुधात देवाची नाराजी शोधू नका. शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसे मेली, ती इतरांपेक्षा अधिक पापी होती हा समज खुद्द येशूने खोडून काढला (लूक 13). तिथे पातेल्याचे काय घेऊन बसलात! माळ पहिल्यापासून म्हणण्याचे बंधन नाही. थांबलात तिथून पुढे चला, किंवा पाच रहस्ये दिवसभरात विभागून म्हणा. मन विचलित होणे ही प्रार्थनेतली नेहमीचीच अडचण आहे, हे ख्रिस्तसभेची धर्मशिक्षाही मान्य करते. ही पळवाट झाली, असे कोणी म्हणेल. पण मध्येच मोबाइल चाळणे वेगळे आणि नातू घसरू नये म्हणून पाणी पुसणे वेगळे. ते प्रेमाचेच काम आहे. लिज्यूच्या संत तेरेजावर कपडे धुताना समोरच्या भगिनीकडून घाण पाणी उडे, तेही तिने देवाला अर्पण केले. फरशी पुसतानाच एखादी प्रार्थना म्हणा. मात्र पेटत्या गॅसवर दूध ठेवून माळेला बसू नका.