न येणाऱ्याचा वाटा

मे २०२०. टाळेबंदीमुळे मी दापोलीच्या घरूनच काम करत होतो. पोस्टग्रेस या डेटाबेससाठी आम्ही स्वतःचा कमांड-लाइन क्लायंट लिहिला होता, त्यात रिप्लिकेशनची, म्हणजे सर्व्हरवरचे बदल दुसऱ्या प्रतीपर्यंत पोचवण्याची, सोय घालायची होती. जोडणीत 'रिप्लिकेशन=डेटाबेस' लिहिलं, एक स्लॉट तयार केला आणि बदलांच्या ओळी पडद्यावर धावू लागल्या. खूश होऊन लॅपटॉप मिटला. घाईत ही चाचणी केली होती पुण्यातल्या चालू सर्व्हरवर.

३ जूनला निसर्ग वादळ आलं. माड-पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, मोबाइल मुके झाले. आम्ही कौलं गोळा करत होतो, तेव्हा तिकडे सर्व्हर माझी वाट बघत होता. स्लॉट म्हणजे मुंबईच्या चाकरमान्यासाठी बाजूला काढलेला आंब्याचा वाटा. तो येईपर्यंत हलवायचा नाही. प्रत्येक बदल आधी ज्यात नोंदला जातो त्या 'वॉल'च्या १६ एमबीच्या फायली माझ्या नावाने साठत गेल्या, डिस्क भरली आणि सर्व्हर बसला. रेंज आली ती मेसेजच्या रांगेसकट. बिचाऱ्या सहकाऱ्यांना कारण शोधायला रात्र लागली, कारण स्लॉटचं नाव मी 'टेस्ट१' ठेवलं होतं.

म्हणून सांगतो. चाचणीला तात्पुरता स्लॉट घ्या. पोस्टग्रेसच्या दहाव्या आवृत्तीपासून ती सोय आहे, जोडणी तुटली की तो आपोआप जातो. कायमचा हवाच असेल तर नावात आपलं नाव घाला. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपासून स्लॉटसाठी किती वॉल राखायचा याची मर्यादा घालता येते, पण मुळात ती अमर्याद असते. आठवणीने घाला. ती ओलांडली तर स्लॉट बाद होतो आणि प्रतिकृती नव्याने उभारावी लागते. तरी मूळ सर्व्हर वाचतो.

क्लायंट लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक. नुसतं वाचून भागत नाही, कुठवर पोचलो ती पोच सर्व्हरला देत राहावी लागते. साठ सेकंद गप्प राहिलात तर तो एरवी जोडणी तोडतो. पण डिस्कवर उतरलं तेवढ्याचीच पोच द्या. आगाऊ दिलीत आणि मध्येच वीज गेली, तर ते बदल पुन्हा मिळतीलच असं नाही.

आमचा क्लायंट आता बाहेर पडताना विचारतो : 'हा स्लॉट कोणी वाचत नाही. काढू?' ती ओळ मी दापोलीत, इन्व्हर्टरवर लिहिली.