पायऱ्या, बूट आणि कात्री : चित्रपटाच्या संकलनाचा एक धडा

चित्रपट पाहून आल्यावर आपण नटांबद्दल बोलतो, गाण्यांबद्दल बोलतो, फार तर दिग्दर्शकाचे नाव घेतो. संकलकाचे नाव पडद्यावर येते तेव्हा आपण अजून खुर्चीत नीट बसत असतो. पण चित्रीकरण संपल्यावर हाती उरतात ते सुटे तुकडे. कोणता तुकडा आधी, कोणता नंतर, कोणता किती वेळ आणि कशाच्या शेजारी, हे ठरवणे म्हणजे संकलन. मोंताज हा फ्रेंच शब्द. अर्थ साधाच आहे, जोडणी. यंत्राचे भाग जोडतात तीच.

या जोडणीचा अभ्यास पहिल्यांदा मन लावून झाला तो क्रांतीनंतरच्या रशियात. यादवी युद्धामुळे कोरी फिल्म मिळेनाशी झाली होती. तेव्हा लेव कुलेशोव्ह आणि त्याचे विद्यार्थी जुन्याच चित्रपटांचे तुकडे कापून वेगवेगळ्या क्रमांनी जोडून पाहत. त्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. इव्हान मोझुखिन या नटाचा निर्विकार चेहरा, आणि त्याला जोडून कधी सूपची वाटी, कधी शवपेटी, कधी आणखी काही. चेहऱ्याचा तुकडा प्रत्येक वेळी तोच. तरी पाहणाऱ्यांना त्यात कधी भूक दिसली, कधी शोक. प्रयोगाची वर्णने थोडी वेगवेगळी आहेत, पण मुद्दा एकच आहे: भाव चेहऱ्यावर नव्हता, दोन तुकड्यांच्या सांध्यात होता.

आमच्या फिल्म क्लबमध्ये आम्ही हे मोबाइलवर करून पाहिले. सावधान स्थितीत उभ्या असलेल्या एका कॅडेटचा चेहरा घेतला. एकदा त्याच्यापुढे मेसचे ताट जोडले, एकदा घरून आलेले पत्र, एकदा निकालाचा सूचनाफलक. धाकट्या वर्गातल्या मुलांना विचारले तर उत्तरे तयारच होती: भूक लागलीय, घरची आठवण येतेय, नापास झालाय. तो कॅडेट मात्र शेवटपर्यंत सांगत होता, “सर, मी तर नुसता उभा होतो!”

आता सेर्गेई आयझेनस्टाईनकडे येतो. हा माणूस आपल्या वाचकांना जवळचा वाटावा, कारण तो मुळात स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी. १९१८ मध्ये शिक्षण सोडून तो लाल सेनेत गेला आणि लष्करी अभियंत्यांच्या कामावर राहिला. कुलेशोव्हचा शिष्य पुदोव्हकिन म्हणे की तुकडे विटेवर वीट ठेवावी तसे रचायचे. आयझेनस्टाईनला ते पटत नसे. त्याच्या मते तुकडे एकमेकांवर आदळले पाहिजेत, म्हणजे दोन्हींत नसलेला तिसरा अर्थ उडतो. तो जपानी चित्रलिपीचे उदाहरण देई: डोळ्याचे चिन्ह आणि पाण्याचे चिन्ह शेजारी ठेवले की वाचायचे ‘रडणे’.

त्याचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’ १९२५ चा. विषय १९०५ मधील रशियन युद्धनौकेवरचे बंड. अळ्या पडलेल्या मांसावरून खलाशी चिडतात. अधिकारी काही जणांवर ताडपत्री टाकून त्यांना गोळ्या घालण्याचा हुकूम देतो. हुकूम आणि बंदुका यांच्यात खरे तर काही क्षणांचेच अंतर. पण आयझेनस्टाईन तिथे एकेक तुकडा घालत जातो: नौकेचे नाव लिहिलेले जीवरक्षक कडे, बिगूल, तळहातावर क्रूस आपटणारा पाद्री, बंदूक धरलेल्यांचे चेहरे. क्षण ताणला जातो आणि त्या ताणात शिपायांना विचार करायला वेळ मिळतो. वाकुलिनचुक ओरडतो, भावांनो, कोणावर गोळ्या झाडताय? बंदुका खाली येतात.

आणि मग ओडेसाच्या पायऱ्या. आज त्या १९२ आहेत. उतरायला धडधाकट माणसाला काही मिनिटे पुरतात. पडद्यावर त्या संपतच नाहीत, कारण तेच उतरणे पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या जागांवरून दाखवले आहे. वरून सैनिकांची रांग ठरल्या कदमाने उतरते, खाली लोक सैरावैरा पळतात. जखमी मुलाला उचलून एक आई एकटीच उलट, वर चढते. बाळाची ढकलगाडी सुटते. इथे कॅडेटनी एक गोष्ट मुद्दाम पाहावी. तुकडे बुटांच्या ठेक्यावर कापलेले नाहीत, ठेका मोडून कापलेले आहेत. प्रत्येक ‘एक-दो-एक’वर कट पडला असता तर ते संचलन झाले असते, बघायला छानही वाटले असते. इथे ते अंगावर येते.

दहावीच्या एका कॅडेटने विचारले, “सर, या सैनिकांना चेहरे का नाहीत?” प्रश्न अचूक होता. नौकेवर बंदूक धरलेल्यांचे चेहरे आपण पाहिले होते. पायऱ्यांवर दिसतात ते बूट, संगिनी, पाठी आणि सावल्या. चेहरे सगळे मरणाऱ्यांचे. आयझेनस्टाईनने बाजू घेतली आहे आणि ती कात्रीने घेतली आहे. लष्करी शाळेत असला चित्रपट कशाला दाखवता, असे एका पालकांनी मला विचारले होते. मला वाटते तो इथेच दाखवायला हवा. उद्या हुकूम देणारे आणि पाळणारे याच वर्गांतून निघणार आहेत, आणि आज त्यांच्या मोबाइलवर कुठल्याशा लढाईचे अर्ध्या मिनिटाचे तुकडे येतात, तेही कोणीतरी कापून जोडलेलेच असतात.

इतिहासाबद्दलही सांगायला हवे. १९०५ च्या त्या दिवसांत ओडेसात गोळीबार झाला, बंदर पेटले, माणसे मेली. पण पायऱ्यांवरची कत्तल आपण पडद्यावर पाहतो तशी घडली नव्हती. तरीही चित्रपट पाहिलेल्या पुष्कळ लोकांना ती घडलेलीच वाटते, आणि त्या पायऱ्या आता ‘पोटेमकिन पायऱ्या’ म्हणूनच ओळखल्या जातात.

सुटीत पालकांसोबत हा चित्रपट पाहा. मूकपट आहे, भाषेची अडचण नाही. कत्तलीनंतर नौकेच्या तोफा उडतात तिथे लक्ष ठेवा. झोपलेला दगडी सिंह जागा होतो आणि उठून बसतो, असे वाटेल. तो एक सिंह नाही, तीन वेगळे पुतळे आहेत, तेही ओडेसातले नव्हेत, क्रिमियातल्या अलुप्का राजवाड्यातले. पहिल्यांदा पाहताना सांधे सापडणार नाहीत. दुसऱ्यांदा कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि प्रत्येक कटला एक रेघ ओढा. सुटीनंतरच्या पहिल्या शनिवारी आपापले कागद क्लबमध्ये घेऊन या.