भेटणार कधी? की पोचणार कधी?

मित्रांनो, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. गणित मात्र नीट तपासा!

"दोघं समोरासमोरून एकमेकांकडे निघाले, तर कधी भेटतील?" हे उदाहरण आपण सगळ्यांनीच केलंय. रीत सोपी आहे. क्ष तासांनी भेट झाली असं धरायचं. तोवर दोघांनी मिळून सगळं अंतर कापलेलं असतं. म्हणून वेगांची बेरीज × क्ष = अंतर. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये 'आर्यभटीय'च्या गणितपादात हेच सांगितलंय: विरुद्ध दिशा असेल तर अंतराला वेगांच्या बेरजेने भागा, एकच दिशा असेल तर वजाबाकीने. तेव्हा तो २३ वर्षांचा होता. आपल्याहून तीनच वर्षांनी मोठा!

आता माझी फजिती. बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेला मी नंदुरबारला पोचले आणि लक्षात आलं, हॉल तिकीट तळोद्याला टेबलावरच राहिलं. वाजले होते सव्वाआठ, गेट नऊला बंद होणार. म्हणजे हातात ४५ मिनिटं. पप्पांना फोन केला, ते लगेच मोटरसायकलवर निघाले. मी म्हटलं, "पप्पा, मीपण रिक्षाने तुमच्याकडे येते, म्हणजे लवकर भेटू." ते म्हणाले, "तू जिथं आहेस तिथंच थांब." मला रागच आला. गणितात पैकीच्या पैकी मला, आणि हे मला थांब म्हणतात!

हिशेबाला सोपं जावं म्हणून अंतर २४ किमी धरू. पप्पांचा वेग ताशी ४०, थांबत थांबत जाणाऱ्या रिक्षाचा ताशी २०.

६०क्ष = २४, म्हणून क्ष = ०.४ तास, म्हणजे २४ मिनिटं. मी थांबले तर पप्पांना ३६ मिनिटं लागणार. वाचली की १२ मिनिटं!

पण थांबा. भेट होणार नंदुरबारपासून ८ किमीवर, आणि परीक्षा तर नंदुरबारलाच. त्याच रिक्षाने परतायला आणखी २४ मिनिटं, एकूण ४८. गेट बंद! पप्पांच्या मागे बसून आले तर १२ मिनिटं, एकूण ३६. म्हणजे थांबले असते तेवढीच. फायदा शून्य, आणि रस्त्यात चुकामूक झाली असती तर संपलंच.

मग समोर जाण्यात फायदा कधी? समजा अंतर अ, पप्पांचा वेग प, माझा म. थांबले तर वेळ अ/प. स्वतः जाऊन परतले तर २अ/(प+म). दुसरी वेळ कमी हवी, तर २प < प+म, म्हणजेच म > प. थोडक्यात, आणणाऱ्यापेक्षा आपली गाडी वेगवान असेल तरच निघायचं. मैत्रिणीच्या भावाची बाईक ताशी ६०ने गेली असती, तर जाऊन-येऊन २८.८ मिनिटंच लागली असती.

सूत्र मला पाठ होतं, पण मी "भेट कधी?" सोडवत बसले. विचारलं होतं "हॉल तिकीट गेटवर कधी?" म्हणून आता कोणतंही उदाहरण असो, 'क्ष मानू' लिहिण्याआधी मी क्ष म्हणजे नक्की काय, ते एका वाक्यात लिहून काढते.

मी थांबले, पप्पा वेळेत पोचले, म्हणूनच आज या कॉलेजात आहे!

जाता जाता होमवर्क: पप्पा निघाल्यावर ६ मिनिटांनी ती बाईक निघाली असती, तर हॉल तिकीट गेटवर किती मिनिटांत आलं असतं? उत्तर पूर्ण मिनिटांत येतं. कॅन्टीनमध्ये भेटा, बघू कोणाचं बरोबर येतं!